चार्जिंगचा दिवा

बुधवार, ४ मार्च

धाकट्यास आशीर्वाद.

तू बरा आहेस असं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, म्हणून ते विचारत नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझा दादा होता तेव्हाही कुरकुरायचा. लेकीला नोकरी लागली. घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची. दिवसभर फिरती असते. संध्याकाळी येते ती बूट काढायच्या आधीच पलंगावर पडते.

फोन तू उचलत नाहीस. दोनदा केला, आणखी एकदा करायचा धीर झाला नाही. म्हणून हा कागद. उघडायचा की नाही ते तुझ्या हातात आहे, पण निदान तो तुझ्या घरात तरी येईल.

काम गाडीचं आहे.

तुझा दादा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. मी अधूनमधून फडकं मारायची, बाकी काही नाही. आता लेक म्हणते, ‘आई, बाबांची गाडी धूळ खातेय आणि मी औषधांची पिशवी घेऊन तीन तीन बस बदलते.’ तिचं चुकत नाही. पण ज्या गाडीनं एकदा दगा दिला ती पोरीच्या हातात कशी देऊ? तिला कधीही, कुठल्याही आडबाजूला जावं लागतं.

समोरच्या शिंपीकाकांकडे चार्जर आहे. तो आणून बॅटरी भरली. बॅटरी तीच, तू बसवलेली. गाडी सुरू झाली. लेकीनं थोडे दिवस जवळपास फिरवली आणि एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं कट्. तोच आवाज. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं.

‘मावशी, अल्टरनेटर गेला. बदलून टाका.’

‘कशावरून?’

‘अहो, पंधरा वर्षं हेच करतोय मी.’

‘तू पंधरा वर्षं काय करतोयस ते नाही विचारलं. या गाडीला काय झालंय ते विचारलं.’

तो हसला आणि हात पुसत गेला. गल्लीत आता मी चक्रम म्हातारी झाले असेन.

मग वाचनालयातून मोटारदुरुस्तीचं पुस्तक आणलं. तिथल्या बाईंनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘कादंबऱ्या संपल्या वाटतं आमच्या?’ म्हटलं, ‘यातही शेवटी कुणी केलं तेच शोधायचं असतं.’ त्या हसल्या. मी पण हसले.

पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा थोडं कळलं. तिसऱ्यांदा वाचताना पुस्तक घेऊन शेडमध्येच गेले आणि एकेक वस्तू बोट लावून बघितली. बॅटरी गाडी सुरू करण्यापुरती. एकदा इंजिन फिरायला लागलं की पट्ट्यानं अल्टरनेटर फिरतो, वीज बनवतो, आणि सुरू करताना बॅटरीतून जे गेलं ते परत भरतो. भरणं थांबलं की बॅटरी एकटी किती दिवस पुरणार? हे मला पुस्तकाशिवायही कळतं.

तुझ्या दादाच्या पेटीत तुझा जुना मीटर सापडला. बॅटरी भरून, गाडी बंद ठेवून बघितलं तर बारा पूर्णांक सहा. पुस्तक म्हणतं, भरलेल्या बॅटरीचं हे बरोबर आहे. इंजिन सुरू केल्यावर आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. माझा चढतच नाही. उलट उतरतो. दिवे लावले की आणखी उतरतो. म्हणजे भरणं होत नाही एवढं नक्की. का होत नाही, तिथे माझं घोडं अडलंय.

जाऊबाई म्हणाल्या, तू दुकान बंद करतोयस. हत्यारं देऊन टाकायची म्हणतोस. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझं तू बघ. पण बंद करायच्या आधी एवढं एक सांग, की यापुढे काय काय तपासू. माझ्यासाठी नको सांगूस. पोरीसाठी सांग.

वहिनी


सोमवार, १६ मार्च

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का हा प्रश्नच आहे. वर ‘वहिनी’ नाही, खाली तुझं नाव नाही. ‘हे बघ, ते बघ, हे आधी, ते नंतर.’ पण अक्षर बघून बरं वाटलं. मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतास, आणि तुझ्या वहीत कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसायचं. कोंबडी अजून तीच आहे.

तू लिहिलंस त्याच क्रमानं केलं. लेकीची सुट्टी होती, तिला मदतीला घेतलं. तिला माणसांच्या शिरा सापडतात, पण गाडीच्या वायरींना ती घाबरते. म्हणाली, ‘पेशंट निदान कुठे दुखतं ते तरी सांगतो.’

आधी पट्टा. अंगठ्यानं दाबला, करंगळीच्या जाडीएवढा दबला. चिरा नाहीत, घासून चकाकलेला नाही, इंजिन सुरू असताना किंचाळत नाही. पट्टा ठीक.

मग बॅटरीची टर्मिनलं. तू ‘आधी काळी वायर काढायची’ याच्याखाली एवढ्या जोरात रेघा मारल्यास की कागद फाटला. आधी काळीच काढली. दोन्हीवर हिरवट पांढरी पूड जमली होती. गरम पाण्यात सोडा घातला आणि ब्रशनं घासून स्वच्छ केली. ब्रश तुझ्या दादाचा, दात घासायचा. इतके दिवस मोरीतल्या कप्प्यात तसाच होता. काम झाल्यावर धुऊन परत कप्प्यात ठेवायला गेले, आणि मग टाकून दिला. टर्मिनलं नव्यासारखी झाली. आकडा मात्र जिथल्या तिथे.

मग अल्टरनेटरच्या पाठीमागचा जाड वायरीचा बोल्ट. इंजिन बंद, मीटरची एक तार बोल्टला आणि दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीवर जेवढा आकडा तेवढाच तिथे. म्हणजे मधली वायर तुटलेली नाही, मधला फ्यूज उडालेला नाही. हे बघताना मला फार शहाणी झाल्यासारखं वाटलं. तुझा दादा असता तर म्हणाला असता, ‘आता माझ्या चष्म्याचं पण काहीतरी बघ.’

मग रेस. तू लिहिलंस की पेडल दाबून इंजिन जोरात पळवा आणि आकडा बघा. लेकीला पेडलवर बसवलं. तिचा पाय बापावर गेलाय. तुला आठवतं ना, तुझा दादा पेडलवर पाय ठेवायचा तो असा, जणू खाली कुणीतरी झोपलंय. आणि तू गाडी हातात घेतलीस की आधी गर्जना. शेडचे पत्रे थरथरायचे. ‘हा गाडी तपासत नाही, तिला दम देतो,’ असं तो म्हणायचा. लेकीला ओरडून सांगितलं, ‘काकासारखी दाब!’ तिनं दाबली. आणि धाकट्या, आकडा एकदम उडी मारून चौदावर गेला. पाय काढला तरी तिथेच राहिला. लेक आतून ओरडली, ‘आई, बरी झाली!’ इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं तर परत बाराच्या आत. पुन्हा रेस केली, पुन्हा चौदा. चार-पाच वेळा केलं. दर वेळी तसंच.

म्हणजे तू बॅटरी बदललीस त्या दिवशी तुला मीटरवर चौदा दिसले होते ते खरे होते. तू न बघता बोलला नव्हतास.

आणि बॅटरीत काही खोट नाही. भरून, वायरी काढून ठेवून दिली होती. आज बघितलं तर आकडा तसूभरही हललेला नाही. तशी ती चांगली आहे हे मागचं पत्र लिहितानाच मला कळलं होतं. बारा पूर्णांक सहा असं मीच लिहिलं होतं. ‘बॅटरी चांगली आहे’ हे तीन शब्द तेवढे लिहिले नाहीत. आता लिहिते. बॅटरी चांगली आहे.

तू आणखी एक विचारलं होतंस, डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्याबद्दल. त्याचं विशेष काही नाही. ते राहून गेलं.

एवढं सगळं बघून झाल्यावर मला वाटतं, अल्टरनेटरच थकलाय. कोपऱ्यावरच्याला सांगून नवा बसवून घेते. पंधरा वर्षं हेच करतोय, त्यालाही बरं वाटेल. तू आता यात डोकं घालू नकोस. लिहिलंस एवढंच पुष्कळ.

इथे हवा बरी आहे. सकाळी जरा गार असतं, दुपारी तापतं. शिंपीकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. सुईत दोरा आता पहिल्या फटक्यात जातो म्हणून दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ओवून दाखवतात.

जाऊबाईंना आशीर्वाद सांग.

वहिनी


शनिवार, २८ मार्च

धाकट्या,

हत्यारं कुणाला देऊ नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच.

काल जाऊबाईंचा फोन आला. रडत नव्हत्या, पण आवाज रडून झाल्यासारखा होता. म्हणाल्या, ‘ताई, तुमचं दुसरं पत्र वाचल्यापासून हे धड जेवले नाहीत. म्हणतात, म्हणजे अल्टरनेटरच होता. माझ्या हाताखालून गेला आणि मला दिसला नाही. ज्याला भावाची गाडी कळली नाही त्यानं लोकांच्या गाड्यांना हात लावू नये. सोमवारी माणूस येऊन सगळं घेऊन जाणार आहे. तुम्हीच दोन शब्द सांगा ना.’

मी काय सांगितलं, माहीत आहे? ‘उकाडा वाढलाय, नाही?’ असं म्हणाले. ‘हो, वाढलाय’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अल्टरनेटर मी बदललेला नाही. त्यात काही बिघडलेलं नव्हतं. बॅटरी चांगली, पट्टा चांगला, वायर चांगली, आणि तुझी तपासणीही चांगली होती. बिघाड माझ्या हातचा आहे.

तुला ठाऊक आहे, संध्याकाळी आम्ही दोघं शेडमध्ये गाडीत जाऊन बसायचो. घरात लेकीचा अभ्यास. रेडिओ लावला की ती चिडायची. मग तुझा दादा पुढे स्टिअरिंगमागे बसून रेडिओ ऐकायचा आणि मी शेजारी छतातल्या दिव्याखाली वाचायची. कुठे जायचं नाही, यायचं नाही. शिंपीकाका विचारायचे, ‘काय, पोचलात का?’ मी आयुष्यात जेवढी पुस्तकं वाचली त्यातली निम्मी त्या सीटवर. रेडिओ चावी फिरवल्याशिवाय लागायचा नाही. तुझा दादा बंद करायला विसरतो म्हणून तूच तशी वायर जोडून दिली होतीस. आणि चावी फिरवली, इंजिन बंद, की डॅशबोर्डवर बॅटरीचा तो लाल दिवा लागून राहायचा.

तो माझ्या चष्म्याच्या काचेत उतरायचा. ओळीवर नजर नेली की तिथे लाल ठिपका. मी म्हणायचे, ‘त्यावर चिकटपट्टी तरी लावा.’ तो म्हणायचा, ‘अगं, दिवा आहे तो, डास नाही. असतो तर असू दे.’

एक दिवस तो कामावर गेलेला असताना मी शेडमध्ये गेले. तबकडीच्या मागून हात घातला, होल्डर अर्धा फिरवला आणि दिवा काढला. कसा काढायचा ते तूच शिकवलं होतंस, काट्यांमागचे दिवे बदलताना मला टॉर्च धरायला उभी केली होतीस तेव्हा. तुझा हात आत जाईना आणि तू शिव्या घालत होतास. माझा बारीक हात सहज गेला. दिवा बटणांच्या डब्यात टाकला. त्या संध्याकाळी फार निवांत वाचलं. मला फार बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

थोड्या दिवसांनी तुझ्या दादानं विचारलं, ‘तो लाल दिवा हल्ली दिसत नाही गं?’

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हणाले, ‘दिसत नाही म्हणजे सगळं ठीक असणार.’

‘तेही खरंच,’ म्हणाला आणि रेडिओचा आवाज वाढवला. मी एखादी गोष्ट सांगितली की त्याला ती पुरायची.

पुढचं तुला माझ्याआधी कळलं असेल. पुस्तकात ते अगदी शेवटी, बारीक अक्षरात आहे. या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला कामाला लागायला सुरुवातीला थोडी वीज द्यावी लागते आणि ती त्या लाल दिव्यातूनच जाते. दिवा काढला तर अल्टरनेटर नुसता फिरतो, बनवत काहीच नाही. इंजिन जोरात पळवलं तर तो आपला आपण जागा होतो. तुझ्या पायाखाली दर वेळी व्हायचा. तुझ्या दादाच्या पायाखाली एकदाही झाला नसेल.

म्हणून पहिली बॅटरी उतरून गेली. म्हणून तू दुसरी घेऊन आलास.

तो दिवस तुला आठवत असेल तसाच मलाही आठवतो. तुझा दादा घरी नव्हता. तू बॉनेटमागे वाकलेला, तुझी फक्त पाठ दिसत होती. मी सीटवर, हात चावीवर. तू म्हणालास, ‘मारा सेल्फ.’ मी मारला. तू रेसची वायर ओढून इंजिन पळवलंस, पत्रे थरथरले. मग तिथूनच ओरडलास, ‘वहिनी, लाल दिवा विझला का?’

विझायला तिथे दिवाच नव्हता. मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हसला असतास. ‘वाचायला दुसरी जागा नाही मिळाली का?’ असं म्हणाला असतास आणि दोन मिनिटांत दिवा परत बसवला असतास. मला त्या हसण्याची लाज वाटली. म्हणाले, ‘विझला.’

तू म्हणालास, ‘मग झालं,’ आणि बॉनेट खाली टाकलंस.

मीटरवर चौदा होते आणि घरचं माणूस सांगत होतं की दिवा विझला. तू आणखी काय तपासायला हवं होतंस?

दिव्यावाचून चार्जिंग होत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण मी खोटं बोलतेय हे ठाऊक होतं. दोन्ही लिहिते आहे, कारण पहिलं सांगून दुसरं गाळावं असं ही ओळ लिहितानाही वाटतंय.

ती सकाळ तू पाहिली नाहीस. तुझा दादा मोरीतून बाहेर आला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. म्हणाला, ‘छातीवर कुणीतरी बसलंय गं.’ लेक परीक्षेला गेली होती. शिंपीकाका आणि मी दोघांनी धरून त्याला गाडीत बसवलं. काकांनी चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. तो मला म्हणाला, ‘घाई करू नका, होईल सुरू.’ अशा वेळीसुद्धा. शेवटी रस्त्यावर धावत जाऊन भाजीचा टेम्पो थांबवला. दवाखान्याच्या फाटकात शिरेपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता. मग नुसता हात राहिला.

आणि नंतर, बाहेरच्या खोलीत सगळी माणसं जमलेली असताना, मी तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, ‘यानं जुनी बॅटरी नवी म्हणून बसवली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता.’ तू येणाऱ्यांसाठी शेजारून खुर्च्या आणत होतास. हातातली खुर्ची खाली ठेवलीस, ती डगमगत नाही ना ते बघितलंस आणि निघून गेलास. त्यानंतर तू या घरात आलेला नाहीस.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलं होतं, ‘आधी आणलं असतं तर?’ आणि ते म्हणाले, ‘सांगता येत नाही.’ एवढंच. त्या उत्तराचं काय करायचं ते मला कळेना. रात्रंदिवस ते घेऊन कसं बसणार? म्हणून मी त्याच्या जागी दुसरं वाक्य बनवलं, आणि ते तुझ्या गळ्यात अडकवलं.

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं तू म्हणशील. जाऊबाईही म्हणतील. त्या दिवसापुरतं ते चालेल. पण या महिन्याचं काय? तुझ्या पत्रात शेवटची ओळ होती, ‘चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?’ मी मोरीत उभी राहून पत्र वाचत होते, नळ सुरू होता. बादली भरून वाहत होती आणि मी ती ओळ परत परत वाचत होते. तेव्हाच सगळं कळलं. बटणांचा डबा कुठे आहे तेही आठवलं. आणि तरी सोळा तारखेला तुला लिहिलं की दिव्याचं राहून गेलं, अल्टरनेटर बदलते. चांगला अल्टरनेटर काढून टाकला असता, कुणी नसताना दिवा जागेवर बसवला असता, गाडी ठणठणीत झाली असती. आणि तू जन्मभर समजत राहिला असतास की तुझ्या नजरेतून सुटलं. मला हे सगळं दिसत होतं. मी त्या वेळी दुःखात नव्हते, धाकट्या. टेबलाशी बसून, चहा पिऊन, शब्द नीट निवडून लिहिलं ते पत्र. शिंपीकाकांच्या सुईदोऱ्याबद्दलही लिहिलं.

काल फोन ठेवल्यावर लेकीला शेडमध्ये बोलावलं आणि तिच्यासमोर दिवा बसवला. होल्डर दोनदा हातातून निसटला. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, विझला. पेडलला कुणी हात लावला नाही, पाय लावला नाही. मीटरवर चौदा पूर्णांक एक.

लेक म्हणाली, ‘आई, हा दिवा तुझ्याकडे कसा?’

तिला सांगितलं. तोंडानं सांगितलं ते पहिल्यांदा. ती बॉनेटच्या कडेला टेकून उभी होती. जवळ आली नाही. तिनं जवळ घेतलं असतं तर माझं सांगणं तिथेच संपलं असतं, म्हणून ते बरंच झालं. मग म्हणाली, ‘तू तसं बोललीस म्हणून त्या दिवशी मी पण काकाशी बोलले नाही. तो गेटपाशी माझी वाट बघत उभा होता, आणि मी त्याच्या बाजूनं निघून आले.’

हे मला माहीत नव्हतं. माझं बोलणं कुठवर जाऊन लागलंय, ते मला अजून सगळं माहीत नाही.

पोस्टानं पाठवलं तर हे सोमवारनंतर मिळेल. म्हणून लेक गाडी घेऊन आली आहे आणि हे तिच्याच हातून तुला देते आहे. मीही बरोबर आहे. आत येत नाही. आत आले तर जाऊबाई पाणी देतील, मी ते पिईन आणि हवेबद्दल बोलेन. मी मला चांगली ओळखते आता. आधी तू हे वाच, मग हवं तर बोलव.

त्या दिवशी खोलीत जी माणसं होती, त्यांची एकेकाची गाठ घेऊन मी सांगणार आहे. शिंपीकाकांना आज सकाळी सांगून निघाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुई खाली ठेवली. बाकीचे काय करतील ते बघू. तू ‘नको’ म्हणालास तरी हे थांबणार नाही. ज्या तोंडानं तुझं नाव घेतलं त्याच तोंडानं ते परत घ्यायला हवं.

माफ कर असं लिहीत नाही. तू लहानपणापासून असा आहेस की मागितलेलं तुला नाकारता येत नाही, आणि ते वापरून घेण्याएवढं मी तुझ्याकडून आधीच घेतलंय. एवढंच मागते, की सोमवारी त्या माणसाला परत पाठव. तुझा हात चुकला नव्हता. तुझी नजर चुकली नव्हती. तू एका माणसाला विचारलंस आणि तिनं तुला खोटं सांगितलं.

लेकीला इंजिन बंद करायला सांगितलं आहे. तू सावकाश वाच. आम्ही थांबतो.

तुझ्या दाराबाहेर, गाडीत,
तुझ्या दादाची बायको